‘गेट’ दिसला की आधी त्याच्या पुढे बघा

इंग्रजीतून केलेली भाषांतरं तपासणं हे माझं काम. एखाद्या मसुद्यात ‘मिळणे’ फार दिसायला लागलं की मूळ मजकुरात ‘गेट’ची गर्दी असणार, हे मी न बघता सांगते. ‘गेट म्हणजे मिळणे’ हे पाठांतर सुटता सुटत नाही. तो अर्थ विसरू नका, पण सुरुवात तिथून करू नका. ‘गेट’च्या पुढे काय आलंय ते आधी बघा.

वस्तू असेल तर संदर्भ पाहून ठरवा. ‘आय गॉट अ लेटर’मध्ये पत्र आलं, ‘गेट मी अ चेअर’मध्ये खुर्ची आणायची आहे. ठिकाण असेल तर पोचणं: ‘व्हेन डिड यू गेट होम?’ विशेषण असेल तर ‘होणे’ आठवेल, पण मराठीत बहुतेकदा त्याहून नेमकं क्रियापद असतं. ‘गेट वेट’ म्हणजे भिजणं, ‘गेट टायर्ड’ म्हणजे दमणं. ‘ओलं होणं’ लिहिलेलं दिसलं की माझा लाल पेन चालतोच.

‘शी वॉज मॅरीड’ आणि ‘शी गॉट मॅरीड’ शेजारी ठेवून पाहा. पुढे तारीख वगैरे नसेल, तर पहिल्यात तिचं लग्न झालेलं होतं. दुसऱ्यात ते झालं. एक स्थिती, एक घटना.

दुसऱ्याकडून काम करवून घेतानाही हाच शब्द. ‘आय गॉट माय हेअर कट’: केस कापून घेतले, कात्री दुसऱ्याची. ‘आय गॉट हिम टू साइन’मध्ये मनधरणी किंवा युक्ती असते, जबरदस्तीने सही घेतली असेल तर ‘आय मेड हिम साइन’, आणि तिथे ‘टू’ नाही.

सगळ्यात जपायची जोडी ही: ‘आय गेट टू गो’ म्हणजे मला जायला मिळतं, ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जावंच लागणार. संधीची सक्ती व्हायला एवढासा फरक पुरतो. अमेरिकन ‘गॉटन’ची गंमत आणखी वेगळी: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे ती घेतली.

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट बाय’ यांची फोड करू नका, कोशात जोडीनेच शोधा. स्वतः इंग्रजीत औपचारिक पत्र लिहीत असाल, तर ‘गेट’ऐवजी ‘रिसीव्ह’ किंवा ‘बिकम’ बरं.

सरावासाठी कुठल्याही संवादाचं एक पान घ्या, प्रत्येक ‘गेट’नंतरचा शब्द अधोरेखित करा आणि ‘मिळणे’ न वापरता मराठी करून बघा. जिथे अगदीच अडेल, तिथे खुशाल ‘मिळणे’ लिहा.