नातवंडांना घेऊन सुट्टीला जाताय? या चुका टाळा

मुलाचं आजचं वजन किती, कुठल्या औषधाने अंगावर पुरळ येतं, मागच्या वेळी ताप चढला तेव्हा डॉक्टरांनी काय दिलं होतं, हे सगळं आई-बाबांना तोंडपाठ असतं. सुट्टीवर मात्र तुम्ही दोघं आणि नातवंडं. बहुतेक गडबडी होतात त्या ही माहिती तुमच्यापर्यंत न पोचल्यामुळे, किंवा "आम्ही आमची मुलं वाढवली की" या विश्वासामुळे. तो विश्वास खराच आहे, पण मधल्या तीस वर्षांत औषधांच्या बाटल्या बदलल्या, गाडीतल्या सीट बदलल्या आणि तुमचे गुडघेही बदलले.

एकच पत्र घेऊन निघणं

पत्रं दोन लागतात. पहिलं प्रवासाच्या संमतीचं. त्यात मुलाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, तुमची नावं, जायचं ठिकाण, तारखा, आई-वडील दोघांच्या सह्या आणि फोन नंबर हवेत. परदेशी जाणार असाल तर ते नोटरी करून घ्या. दुसरं पत्र उपचारांच्या परवानगीचं. रुग्णालयात टाके घालायचे किंवा भूल द्यायची वेळ आली की पहिल्या पत्राचा उपयोग होईलच असं नाही. मुलीची मुलं असतील तर आडनाव बहुधा वेगळं असतं, म्हणून नातं दाखवणारी जन्मदाखल्याची प्रत सोबत ठेवा. आई-वडील विभक्त असतील तर दोघांची संमती तिकिटं काढण्याआधीच मिळवा, नंतर नाही.

लहान मुलांच्या पासपोर्टची मुदत अनेक देशांत मोठ्यांच्या पासपोर्टपेक्षा कमी असते, आणि पुष्कळ ठिकाणी प्रवेशासाठी सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते. हे विमानतळावर कळून उपयोग नाही. विमा काढताना तुमचा रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया लपवू नका, त्यावरूनच दावे नाकारले जातात. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: तुम्हाला रुग्णालयात ठेवावं लागलं तर मुलांना घरी पोचवण्याचा खर्च विमा देतो का?

औषधांचा अंदाज

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्या. तापाच्या पॅरासिटामॉलचा डोस वयावरून किंवा आठवणीवरून ठरवू नका. तो वजनावर ठरतो: एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. म्हणजे १४ किलोच्या मुलाला १४० ते २१० मिलिग्रॅम. आता घोळ कुठे होतो ते पाहा. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. पहिल्याचे ८ मिलिलिटर बरोबर ठरतात, दुसऱ्याचे ८ म्हणजे जवळजवळ दुप्पट डोस. घरची बाटली संपली म्हणून प्रवासात नवीन घेतली आणि सवयीने तेवढंच ओतलं, की ही चूक झालीच. सर्दीच्या काही मिश्र औषधांतही पॅरासिटामॉल असतं, तेव्हा दोन्ही एकत्र देऊ नका. मोजायला चहाचा चमचा नको, औषधाची सिरिंज वापरा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर स्वतः औषध न देता थेट डॉक्टरांकडे जा. तुमच्याकडची अ‍ॅस्पिरिन मुलाला कधीच देऊ नका. फ्लू किंवा कांजिण्यांत ती दिल्यास रेय सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा आजार होऊ शकतो.

जुलाब झाले की ओआरएसचं पाकीट अर्धं-अर्धं करून पेल्यात कालवणं हीसुद्धा नेहमीची चूक. पाकिटं एक लिटरची असतात तशी २०० मिलिलिटरचीही असतात. वर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पाकीट टाका. घट्ट झालं तर मुलाच्या शरीरात मिठाचं प्रमाण वाढतं. उरलेलं चोवीस तासांनी फेकून द्या.

आता दुसरी बाजू, तुमच्या गोळ्या. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी किंवा रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिनसारखी एखादी गोळीही लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. मधुमेहाच्या गोळीने साखर घसरायला कधीकधी बरेच तास लागतात, त्यामुळे "खेळतंय की छान" म्हणून थांबू नका. मोजल्यावर एखादी गोळी कमी निघाली आणि मुलाने ती गिळल्याची शंका आली तर उलटी करवू नका, रिकामी पट्टी घेऊन तडक रुग्णालय गाठा. आठवड्याची कप्प्यांची डबी मुलांच्या बोटांनी सहज उघडते. खोलीत ती पलंगाशेजारी किंवा पर्समध्ये न ठेवता कुलपाच्या पिशवीत, उंचावर ठेवा. चपट्या गोल बॅटऱ्यांचंही तसंच. २० मिलिमीटरची लिथियम बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.

तुमची सगळी औषधं हातातल्या सामानात ठेवा, तीन-चार दिवसांची जास्त घ्या. इन्सुलिन विमानाच्या चेक-इन बॅगेत टाकू नका, तिथे ते गोठू शकतं.

तुम्हालाच काही झालं तर?

हा विचार बहुतेकजण टाळतात. मुलांच्या मागे दिवसभर चालल्याने साखर नेहमीपेक्षा खाली येते, त्यात त्यांच्या खेळापायी जेवण लांबतं. खिशात ग्लुकोज ठेवा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला दोन गोष्टी शिकवता येतात: फोन लॉक असतानाही आपत्कालीन कॉल कसा लावायचा, आणि बाबांचा किंवा आईचा नंबर पाठ म्हणणं. घरून निघायच्या आधी दोन-तीन वेळा करून घ्या. मुक्कामाचं नाव-पत्ता कागदावर लिहून मुलाच्या खिशात ठेवा.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. श्रवणयंत्र काढून झोपलात, वर झोपेची गोळी घेतली असेल, तर मूल उठून दार उघडून बाहेर गेलं तरी कळणार नाही. दोघांपैकी एकाने तरी ऐकू येईल असं झोपावं आणि दाराची वरची कडी लावावी.

गाडी आणि पाणी

मांडीवर मूल घेऊन बसणं ही सवय मोडा. धक्क्याच्या वेळी कुणाच्याही हातांत तेवढं बळ राहत नाही. मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येतं अशी लहान मुलांची सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या जागी लावू नका. पट्टा खांद्यावर चिमटीत धरता आला तर सैल आहे. जाड जाकीट आधी काढा.

पाण्यात बुडणारं मूल सहसा ओरडत नाही. लहानग्यांजवळ हात लांबवला की पोचेल इतक्याच अंतरावर राहा, आणि "आत्ता लक्ष माझं" असं एकाने दुसऱ्याला मोठ्याने सांगा. दोघांनाही वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे, तिथेच चुकतं.

पहिल्याच वेळी आठ दिवस

आई-बाबांशिवाय रात्र न काढलेल्या मुलाला एकदम लांब नेऊ नका. आधी तुमच्या घरी दोन रात्री, मग दोन-तीन मुक्कामांची जवळची सहल. दिवसात मोठा कार्यक्रम एकच, दुपारी पडायला दीड-दोन तास. थकलेल्या मुलापेक्षा थकलेले आजी-आजोबा लवकर चिडतात, म्हणून ही विश्रांती तुमच्यासाठी जास्त आहे. आई-बाबांना व्हिडिओ कॉल झोपायच्या आधी लावला की रडू हमखास येतं. तो दुपारच्या खाण्यानंतर, मूल मजेत असताना लावा. रात्री मात्र रोजचीच चादर, रोजचाच क्रम: आंघोळ, दात, गोष्ट, दिवा मंद.