साखर घरी मोजताना: सकाळचा आकडा यकृताचा, जेवणानंतरचा ताटाचा

सकाळी उपाशीपोटी साखर १४० दिसली की घरात पहिला प्रश्न असतो, "रात्री तर एकच भाकरी खाल्ली होती, मग इतकी कशी?" ती भाकरी रात्रीच पचलेली असते. सकाळच्या रक्तातली साखर मुख्यतः यकृताने सोडलेली असते. एवढं पक्कं समजलं की ग्लुकोमीटर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो.

निरोगी माणसाच्या पाच लिटर रक्तात उपाशीपोटी सगळं मिळून जेमतेम पाच ग्रॅम ग्लुकोज असतं. एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागतं. म्हणून रात्रभर आपण झोपलेले असताना यकृत आपल्या साठ्यातलं ग्लुकोज थोडं थोडं सोडत राहतं, शिवाय नवीन तयारही करतं. स्वादुपिंडातल्या अल्फा पेशींचं ग्लुकॅगॉन त्याला 'सोड' म्हणतं आणि बीटा पेशींचं इन्सुलिन 'थांब' म्हणतं. जेवल्यावर इन्सुलिन वाढतं, यकृताचं सोडणं कमी होतं आणि स्नायू रक्तातली साखर आत ओढून घेतात.

टाइप २ मधुमेहात या दोन्ही जागी बिघाड होतो. यकृत आणि स्नायू इन्सुलिनला दाद देत नाहीत आणि बीटा पेशी हळूहळू कमी पडू लागतात. निरोगी शरीरात जेवायला लागल्याबरोबर इन्सुलिनचा पहिला जोरकस लोट येतो. मधुमेहात तो फार लवकर बोथट होतो. त्यामुळे उपाशीपोटीची साखर ठीक असूनही जेवणानंतरची वाढलेली सापडते. फक्त 'फास्टिंग' तपासून निर्धास्त राहू नये ते यासाठीच. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक यांचा प्रभाव असतो, त्यात यकृत आणखी साखर सोडतं. म्हणून काहींचा सकाळचा आकडा रात्रीच्या आकड्यापेक्षा जास्त येतो.

"मी तर बारीक आहे" हा दिलासा पुणेकरांनी तरी मानू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांमधल्या मातांचा आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळं सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी. वजनकाट्याबरोबर कंबरही मोजा: पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की तपासणी करून घ्या.

निदान मात्र घरच्या मीटरवर करू नका. त्याचा आकडा प्रयोगशाळेच्या आकड्यापेक्षा १५ टक्के इकडेतिकडे आला तरी मीटर प्रमाणात बसतो. प्रयोगशाळेत आठ तास उपाशी राहून १२६ किंवा जास्त, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, अथवा एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त, हे मधुमेहाचे आकडे आहेत. लक्षणं नसतील तर तपासणी पुन्हा करून खात्री करतात. उपाशी म्हणजे चहाही नाही, बिनसाखरेचाही नाही. लोहाच्या कमतरतेने रक्त कमी असेल तर एचबीए१सी खोटंच वाढलेलं दिसू शकतं. तेव्हा हिमोग्लोबिनचा रिपोर्टही सोबत न्या.

आता मोजण्याकडे वळू. हात साबणाने, शक्यतो कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. उन्हाळ्यात हे विशेष सांभाळा: आंबा चिरून किंवा आमरसाची वाटी पुसून तसंच बोट टोचलं, तर बोटावरची साखर थेंबात मिसळते आणि मीटर भलताच मोठा आकडा दाखवतो. स्पिरिट लावलंच तर ते पूर्ण उडू द्या. बोटाच्या मधल्या गादीवर टोचू नका, कडेला टोचा. तिथे दुखतं कमी. रक्त येत नसेल तर हात खाली सोडून हलवा. बोट पिळून काढलेल्या थेंबात ऊतीतलं पाणी मिसळतं आणि आकडा चुकतो.

पट्ट्यांची डबी काढल्या काढल्या बंद करा. पावसाळ्यातली दमट हवा पट्ट्यांचा रसायनथर बिघडवते. त्या फ्रिजमध्येही ठेवू नका. डबी फोडल्याची तारीख तिच्यावरच लिहा. सुई दरवेळी नवी घ्या. वापरलेल्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकण लावून ठेवा आणि वेगळ्या द्या. कचरा हाताने वेचणाऱ्या ताईंच्या बोटात त्या जाता कामा नयेत.

पट्ट्या महाग असतात, म्हणून रोज सकाळी एक वाया घालवण्यापेक्षा जोडीने मोजा. एका जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. शेवटच्या घासापासून नव्हे. वाढ ५०-६० च्या वर गेली तर ताटाकडे बघा. आज पोहे, उद्या ज्वारीची भाकरी आणि उसळ, परवा एकादशीची खिचडी, अशी पाळी लावा. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम पिष्ट असतं, तंतू नावालाच. उपवासाचा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. तर्रीवाल्या मिसळीचं वेगळंच असतं. तेलामुळे पचन लांबतं, दोन तासांचा आकडा बरा दिसतो आणि चढ नंतर येतो. अशा दिवशी साडेतीन तासांनीही एक पट्टी खर्च करा.

दुसरी जोडी झोपताना आणि उठल्यावर. रात्री १३०, सकाळी १७० असेल तर हा यकृताचा प्रश्न आहे. भाकरी आणखी अर्धी करून तो सुटत नाही, औषधाबद्दल डॉक्टरांशी बोला. रात्री २२० आणि सकाळी २०० असेल तर आधी जेवणाची वेळ आणि प्रमाण पाहा. रात्री दहाला जेवून साडेदहाला झोपणाऱ्यांचं बहुधा असंच चित्र असतं. बऱ्याच रुग्णांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे उद्दिष्ट असतं. वयानुसार डॉक्टर ते बदलतात.

जेवणानंतरच्या आकड्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे शतपावली, फक्त शंभर पावलांवर थांबू नका. पंधरा मिनिटं चाला. काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढतो. आधी कोशिंबीर आणि उसळ, भात-पोळी शेवटी, असा क्रम ठेवला तरी चढ कमी होतो.

साखर ७० च्या खाली उतरणं हे जास्त तातडीचं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी उपवास, किंवा पहाटे उपाशी सिंहगड चढणं, डॉक्टरांशी डोस ठरवल्याशिवाय करू नये. हात थरथरणं, घाम, धडधड, चिडचिड जाणवली तर मोजा. मीटर जवळ नसेल तर न मोजताच १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. नसेल तर तीन चमचे साखर. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे उशीर होतो. व्होग्लिबोज किंवा अ‍ॅकार्बोज या पिष्ट आणि साखरेचं पचन लांबवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र साध्या साखरेचा उपयोग लवकर होत नाही, त्यांनी ग्लुकोज पावडरच खिशात ठेवावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच घ्या आणि नंतर काहीतरी खा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा.