इलियम दोन असतात: मेडिकल टर्म्स शिकताना या चुका टाळा

जीएनएम (नर्सिंग), डीएमएलटी (लॅब), डी.फार्म (फार्मसी) करणारी किंवा हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर नव्यानं लागलेली, मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या आठवड्यात जी वही करतात ती बहुतेक एकाच साच्यातली असते. डावीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ. तोंडी परीक्षेपुरती ही वही चालून जाते. वॉर्डात मात्र तीच गोत्यात आणते.

उच्चार उतरवला, स्पेलिंग राहिलं

‘इलियम’ घ्या. लहान आतड्याचा शेवटचा भाग इलियम, आणि कमरेच्या हाडाचा वरचा पसरट भाग, तोही इलियम. देवनागरीत दोन्ही हुबेहूब सारखे. इंग्रजीत एका अक्षराचा फरक आहे: एलनंतर ई आला तर आतडं, आय आला तर हाड. ई फॉर ईटिंग, म्हणून आतडं, असं धरलं की पुन्हा गोंधळ होत नाही.

याहून धोक्याची जोडी म्हणजे डिस्फेजिया आणि डिस्फेझिया. पहिल्यात गिळायला त्रास होतो, दुसऱ्यात बोलायला किंवा बोललेलं समजायला. वहीत ज आणि झ एवढाच फरक, आणि आपल्याकडे ज चे उच्चार दोन. पक्षाघाताच्या पेशंटला यातलं एक असू शकतं किंवा दोन्हीही. गिळता न येणाऱ्याला कुणी घोटभर पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत उतरू शकतं. इंग्रजीत पहिल्यात जी आहे, दुसऱ्यात एस. पाहायचं ते अक्षर हेच.

पेरिनियल, पेरोनियल, पेरिटोनियल हे त्रिकूटही वेगळं लिहून ठेवा: गुदद्वार आणि जननेंद्रियं यांच्यामधला भाग, पायाच्या नळीची बाहेरची बाजू, आणि पोटाच्या आतलं अस्तर. तसंच ‘अँटे’ आणि ‘अँटी’. एएनसीतला (गरोदर बाईच्या तपासणी-देखभालीतला) ए हा अँटेनेटलचा, म्हणजे बाळंतपणाआधीचा. त्याला ‘अँटीनेटल’ म्हटलं तर अर्थ जन्माच्या विरोधातला होतो. अँटीबायोटिकमधला ‘अँटी’ तो विरोधातला.

शब्द पुढून वाचणं

अख्खा शब्द घोकण्यापेक्षा तो शेवटाकडून सोडवा. आधी प्रत्यय, मग उपसर्ग, शेवटी मधला अवयव. कोलेक्टॉमी, कोलोस्टॉमी, कोलोटॉमी या तिन्हींत मोठं आतडं आहेच. काय केलं ते शेपटीत आहे. ‘एक्टॉमी’ म्हणजे अवयव किंवा त्याचा भाग काढून टाकला. ‘ऑस्टॉमी’ म्हणजे बाहेर तोंड काढलं, म्हणून या पेशंटच्या पोटावर पिशवी चिकटवलेली असते. ‘ऑटॉमी’ म्हणजे नुसता छेद. डिस्चार्ज कार्डावर यातला एक स उडाला तर घरी जाणाऱ्या माणसाला पिशवी द्यायची की नाही, इथपर्यंत गोंधळ पोचतो.

‘ग्राम’, ‘ग्राफ’, ‘ग्राफी’ यांतही मुलं अडखळतात. ग्राम म्हणजे हातात येणारा कागद किंवा चित्र, ग्राफ म्हणजे बहुधा यंत्र, ग्राफी म्हणजे करण्याची क्रिया.

‘आयटिस’ म्हणजे इन्फेक्शन, ही समजूत तर पक्की बसलेली असते. आयटिस म्हणजे दाह: सूज, लाली, दुखणं. तो जंतूंमुळे होतो, तसाच जंतूंशिवायही. रूमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये सांध्यांवर शरीराचीच प्रतिकारशक्ती उलटलेली असते, तिथे जंतू शोधून उपयोग नाही.

हायपर आणि हायपो

ऐकायला सगळ्यात जवळचे, अर्थानं सगळ्यात लांबचे. त्यातून वॉर्डात ‘पेशंट हायपो झालाय’ असं अर्धंच बोलायची सवय असते. काय हायपो? शुगर की बीपी? शुगर 70 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली तर हायपोग्लायसेमिया, तिथे साखर द्यायची. उलटं ऐकून इन्सुलिन दिलं तर जिवावर बेतेल. म्हणून फोनवर आणि ड्युटी बदलताना शब्दासोबत आकडा सांगायचाच: ‘शुगर 54, हायपोग्लायसेमिया’.

सोडियम-पोटॅशियमचंही तेच, आणि इथे दहावीचं रसायनशास्त्र कामाला येतं. सोडियमची खूण एनए, ती नॅट्रियमवरून; म्हणून हायपोनॅट्रेमिया. पोटॅशियमची खूण के, ती कॅलियमवरून, म्हणून हायपोकॅलेमिया. या कॅलेमियाचा कॅल्शियमशी काही संबंध नाही. कॅल्शियम कमी असेल तर तो हायपोकॅल्सेमिया, एक स जास्त.

मराठी अर्थावर आंधळा भरवसा

‘ॲक्यूट’ला आपल्याकडे ‘तीव्र’ म्हणतात, म्हणून मुलं ‘ॲक्यूट म्हणजे सीरियस’ असं पाठ करतात. ॲक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेलं, थोड्या काळाचं. साधी सर्दीही ॲक्यूट असते. क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेलं, मग ते सौम्य का असेना. कावीळ हे लक्षण आहे, हेपॅटायटिस हा यकृताचा दाह. पित्तनलिकेत खडा अडकूनही कावीळ होते. ‘पित्त झालंय’ म्हणणाऱ्याला छातीत जळजळ असेल किंवा अंगावर गांधी उठल्या असतील. ‘पोट’ म्हणजे जठर की अख्खं उदर, तेही विचारूनच लिहा.

आणि ‘पिशवी’! ‘पिशवीचं ऑपरेशन झालंय’ असं बाईंनी सांगितलं की लगेच हिस्टरेक्टॉमी लिहू नका. गर्भाशय काढलं, की नुसती ‘पिशवी साफ केली’ म्हणजे क्युरेटिंग झालं, की ती पित्ताची पिशवी होती? ‘मावशी, ऑपरेशननंतर पाळी आली होती का? टाके कुठे आहेत?’ एवढ्या दोन प्रश्नांत बराच उलगडा होतो. पक्कं मात्र जुन्या कागदावरूनच करायचं.

संक्षेप

मेडिकल वॉर्डात ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, डोळ्यांच्या ओपीडीत ‘ओडी’ म्हणजे उजवा डोळा. ‘एमएस’ म्हणजे हृदयाची झडप अरुंद होणं, मज्जासंस्थेचा एक आजार, किंवा मॉर्फिन सल्फेट. काहीजण मॅग्नेशियम सल्फेटही तसंच लिहितात. अमेरिकेत हॉस्पिटलांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेनं 2004 मध्ये ‘हे लिहू नका’ अशी यादीच काढली, त्यात हा एमएस आहे, आणि युनिटसाठीचा नुसता ‘यू’सुद्धा. घाईत लिहिलेला यू शून्यासारखा दिसतो आणि 10 युनिटचे 100 वाचले जातात. ‘युनिट’ पूर्ण लिहा. 1.0 लिहू नका, टिंब पुसट झालं की 10 होतात; .5 लिहू नका, 0.5 लिहा. एमजी (मिलिग्रॅम) आणि एमसीजी (मायक्रोग्रॅम) यांत हजारपटीचा फरक आहे: थायरॉइडची 50 एमसीजीची गोळी म्हणजे 0.05 एमजी.

केसपेपरवरचे ‘सी/ओ’ आणि ‘के/सी/ओ’ हे वेगळे. पहिला म्हणजे पेशंटची आजची तक्रार, दुसरा म्हणजे आधीपासून माहीत असलेला आजार. ‘सी/ओ डीएम’ (डीएम म्हणजे मधुमेह) लिहिणं म्हणजे ‘डॉक्टर, मला मधुमेह होतोय’ अशी तक्रार नोंदवण्यासारखं.

वही कशी हवी

चार रकाने आखा. पहिल्यात इंग्रजी स्पेलिंग, कॅपिटलमध्ये, फसवं अक्षर लाल पेनानं. दुसऱ्यात तिरप्या रेघा मारून फोड. तिसऱ्यात देवनागरी उच्चार. चौथ्यात मराठी अर्थ आणि जिच्याशी घोळ होतो ती जोडी. दिवसाला दहाच शब्द घ्या. त्याच संध्याकाळी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी तिसरा-चौथा रकाना झाकून तपासा. सुरुवात वीस प्रत्ययांपासून करा, अवयवांची नावं नंतर. एकेका अवयवाला दोन-दोन नावं असतात, मूत्रपिंडासाठी ग्रीकमधून ‘नेफ्रो’ आणि लॅटिनमधून ‘रीनल’, ती एकाच ओळीत लिहा. आणि उजवं-डावं लिहिताना बाजू नेहमी पेशंटची धरा: तुम्ही त्याच्यासमोर उभे असाल तर त्याचा उजवा हात तुमच्या डावीकडे असतो.