शिक्षकांना संगणक शिकवताना धड्यापासून सुरुवात कशी करावी

आपल्याकडच्या जिल्हा परिषद शाळांतल्या बऱ्याच शिक्षकांनी एमएस-सीआयटी केलेलं असतं. संगणकाची तोंडओळख करून देणारा हा अभ्यासक्रम २००१ पासून चालू आहे. तरीही वर्गातल्या प्रोजेक्टरवरचं कापड निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शिक्षक आळशी आहेत म्हणून हे होत नाही. त्यांना संगणक शिकवला जातो, पण संगणकावर धडा कसा शिकवायचा हे कुणी दाखवत नाही. तुम्ही केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाचे प्रमुख असाल, मुख्याध्यापक असाल किंवा शाळेत चार गोष्टी जास्त येणारे शिक्षक असाल, तर केंद्रातले शिक्षक एकत्र जमतात त्या पुढच्या शिक्षण परिषदेच्या आधी एवढं करून पाहा.

आठ दिवस आधी फोन करा. प्रत्येकाला एकच विचारा: येत्या पंधरवड्यात कुठला धडा घेणार, आणि मुलं त्यात कुठे अडतात? प्रशिक्षणाचा विषय या उत्तरांतूनच ठरवायचा. ‘संगणकाची ओळख’ हा विषय मात्र घेऊ नका.

शाळेची परिस्थिती बघा. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या वाडीत रेंज नसते आणि पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे नेटशिवाय चालेल तेवढंच शिकवा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमधून स्कॅन केला की त्या घटकाचं साहित्य उघडतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. ते रेंज असलेल्या जागी आधी उतरवून ठेवता येतं आणि मग वर्गात नेट लागत नाही, ही गोष्ट मात्र हाताने करून दाखवावी लागते.

मराठी टायपिंगला पहिला अर्धा तास द्या. मी एकदा जुन्या फाँटमध्ये प्रश्नपत्रिका तयार केली आणि छपाईसाठी तालुक्याला नेली. तिथल्या संगणकावर तो फाँट नव्हता, त्यामुळे अख्खं पान अगम्य चिन्हांनी भरलं. परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. म्हणून कुठल्याही संगणकावर तसंच दिसणारं युनिकोडच शिकवा. इनस्क्रिप्ट हा ठरावीक कळफलक असो की उच्चारानुसार टायपिंग, ज्याला जे जमेल ते. पहिलं वाक्य प्रत्येकाने आपल्या शाळेचं नाव आणि पत्ता लिहावं. त्यात जोडाक्षरं हमखास येतात.

एका संगणकावर दोघांना बसवा आणि माऊस त्यांच्याच हातात राहू द्या. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. कुणी अडलं की आपला हात आपोआप पुढे जातो. तो आवरायचा. मी हात मागे बांधून उभा राहतो आणि फक्त तोंडाने सांगतो.

मालवणच्या बाजूला एकदा सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा धडा घेतला होता. एक्सेलच्या पहिल्या रकान्यात १ ते १५ तिथ्या लिहायच्या, दुसऱ्यात तिथी गुणिले ०.७५ हे सूत्र टाकायचं आणि सूत्राच्या चौकटीचा उजवीकडचा खालचा कोपरा धरून खाली ओढायचं. प्रशिक्षणाला आलेल्या एका बाईंनी तीनदा ओढलं आणि तीनदा भलतंच काही झालं. चौथ्यांदा रकाना भरला. चतुर्थीपुढे ३ आणि अष्टमीपुढे ६ आलेलं बघून शेजारचे गुरुजी म्हणाले, “ह्यो तर आमच्या आज्याचो हिशोब!” तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे दर्यावर जाणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या जाणतात.

मग तृतीयेपुढे २.२५ आलं. बाई थांबल्या. “म्हणजे दोन वाजून पंचवीस मिनिटं?” गुरुजी म्हणाले, “नाही, सव्वादोन.” दोघं पाच मिनिटं त्यावर बोलत होती. अशा वेळी रकान्याला वेळेचं रूप द्यायची युक्ती लगेच सांगून टाकू नका. वर्गातली मुलं नेमकी इथेच अडणार आहेत, आणि दशांश अपूर्णांक शिकवायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

तिसरा रकाना रिकामा ठेवायचा. पंधरा दिवस मुलांनी जेटीवर किंवा खाडीच्या काठाला, मोठ्या माणसांसोबत जाऊन, भरतीची खरी वेळ टिपायची. दिवसा येणारी भरती टिपली तरी पुरे. भरती दर दिवशी साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊणपटीचा नियम ४५ धरतो, शिवाय बंदरागणिकही फरक पडतो. दोन्ही रकान्यांचा आलेख काढला की तो फरक पडद्यावर दिसतो आणि प्रश्न मुलंच विचारतात. बाईंना त्या दिवशी सूत्र, ओढणं आणि आलेख एवढंच आलं. एका दिवसाला तेवढं भरपूर झालं.

आठवड्याच्या आत त्या वर्गात जाऊन बसा. तपासणीला नाही, मदतीला. केबल सैल असते, आवाज येत नाही, फाईल सापडत नाही. अशी एखादी बारीक अडचण मुलांसमोर आली की शिक्षक पुन्हा संगणकाला हात लावायला बिचकतो. पहिल्या तासाला तुम्ही मागच्या बाकावर असलात तर ती अडचण दोन मिनिटांत सुटते.

यंत्र जपायलाही शिकवा. खाऱ्या हवेने पिना गंजतात आणि पावसाळ्यात कपाटातल्या लॅपटॉपला बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये यंत्र रोज थोडा वेळ चालू ठेवावं, लॅपटॉपजवळ ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. मळभ आलं की गडगडायला लागण्याआधीच प्लग भिंतीतून काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. हे काम सातवीतल्या दोन मुलांकडे सोपवा, ती विसरत नाहीत.

तयार झालेल्या फायली केंद्राच्या एका पेनड्राइव्हवर जमवा. नावात इयत्ता, विषय, धडा एवढं असलं की पुढच्या वर्षी बदलून आलेल्या शिक्षकालाही त्या सापडतात.