लीगचा पगार रुबलमध्ये आणि रुबल घसरगुंडीवर, तर काय काय तपासायचं

आधी एक सांगतो, इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. आपल्याकडे हॉकी म्हटलं की ध्यानचंद आणि टर्फ डोळ्यासमोर येतं, पण हा मामला केएचएलचा आहे, म्हणजे रशियाची कॉन्टिनेन्टल हॉकी लीग, २००८ मध्ये सुरू झालेली, आणि २०१४-१५ च्या सीझनला तिच्यात २८ टीम होत्या. त्याच सीझनच्या मधोमध रुबल आपटला. मी हिशोबाच्या धंद्यातला माणूस, त्यामुळे मॅचपेक्षा क्लबांच्या वहीखात्यातच जास्त जीव अडकतो, बायको म्हणते तुला गोल कळत नाही पण थकबाकी बरोबर कळते. तर समजा डिसेंबर २०१४ आहे, तुम्ही तिकडे खेळताय किंवा कुणाचे एजंट आहात, आणि रात्री झोप येत नाहीये. काय तपासायचं, कुठल्या क्रमाने, ते सांगतो.

पहिल्यांदा आकडा सोडा आणि गणित करा. समजा २०१४ च्या उन्हाळ्यात तुम्ही वर्षाला ३ कोटी रुबलवर सही केली. तेव्हा डॉलर साधारण ३४ रुबल. १३ टक्के टॅक्स गेला की हातात २ कोटी ६१ लाख, म्हणजे जवळपास ७ लाख ६७ हजार डॉलर, झकास. आता डिसेंबर संपताना डॉलर ५६ च्या आसपास. तेच २ कोटी ६१ लाख, पण डॉलर फक्त ४ लाख ६६ हजार. कुणी तुमचा पगार कापला नाही, कॉन्ट्रॅक्टमधला एक शब्द बदलला नाही, आणि तीन लाख डॉलर हवेत गेले. आणि टॅक्सचं पण बघा, तेव्हाच्या नियमाने रशियात रहिवासी ठरलात तर १३ टक्के, नाहीतर ३० टक्के, आणि रहिवासी ठरायला १८३ दिवस लागायचे. परदेशी तज्ज्ञांसाठीचं खास वर्क परमिट असेल तर पहिल्या दिवसापासून १३ च लागायचा. ३० टक्क्यांत अडकलात तर हातात २ कोटी १० लाख, म्हणजे ५६ च्या रेटने ३ लाख ७५ हजार. तेव्हा परमिट कुठल्या प्रकारचं आहे हे क्लबच्या ऑफिसात जाऊन आधी विचारा, लाजू नका.

पण हे डॉलरचं गणित सगळ्यांना सारखं लागू नाही बरं का. तुम्ही रशियातल्या चेल्याबिन्स्कचेच असाल, घर तिथे, शाळा तिथे, किराणा तिथे, तर तुमचं नुकसान महागाईएवढं, ती २०१४ मध्ये ११.४ टक्के आणि २०१५ मध्ये १२.९ टक्के होती. बोचतं, पण अर्धा पगार गेला असं होत नाही. कॅनडात घराचे हप्ते भरणाऱ्याची मात्र वाट लागते. आमचा चुलतभाऊ शारजात असतो, २०१३ च्या ऑगस्टमध्ये आपला रुपया डॉलरला ६८ च्या पुढे गेला तेव्हा पठ्ठ्या खूश होता, कारण दिरहम डॉलरला बांधलेला आणि त्याचा खर्च होता इकडे साताऱ्यात. तिकडच्या परदेशी खेळाडूंचं याच्या बरोबर उलटं झालं. म्हणून आधी कागदावर दोनच गोष्टी लिहा, मिळतात कुठल्या चलनात आणि जातात कुठल्या चलनात.

आता कॉन्ट्रॅक्ट काढा. रशियाच्या कामगार कायद्याप्रमाणे पगार रुबलमध्येच द्यावा लागतो, त्यामुळे "मला डॉलरमध्ये द्या" हा हट्ट चालत नाही. पण रुबलमध्ये द्यायचा आणि आकडा मात्र डॉलरला किंवा युरोला बांधायचा, पेमेंटच्या दिवशीच्या सेंट्रल बँकेच्या रेटने, हा जुना प्रकार आहे, नव्वदच्या दशकात तर तिकडे दुकानातल्या किमतीसुद्धा "सांकेतिक एककात" लिहायचे आणि सगळ्यांना कळायचं की हा डॉलर आहे. तर असं कलम आहे का बघा, आणि असेल तर रेट कुठल्या दिवसाचा ते बघा. सहीच्या दिवसाचा की पगाराच्या? सहीच्या दिवसाचा असेल तर ते कलम शोभेचं आहे.

आणि आता खरी गंमत. समजा कलम पक्कं आहे, तुम्ही डॉलरला बांधलेले, तर तुम्ही सुटलात का? नाही. तुमचा तोटा नाहीसा नाही झाला, तो फक्त क्लबच्या डोक्यावर गेला. क्लबकडे पैसा रुबलमध्ये येतो, तुमचा पगार रुबलच्या हिशोबात जवळपास पावणेदोनपट झाला, आणि असे पाच परदेशी असले (रशियन क्लबला तेव्हा पाचच परदेशी घेता यायचे) तर कॅशियर काय करणार, एक महिना ढकलणार, मग दुसरा ढकलणार. म्हणजे कागदावर तुम्ही राजा आणि खात्यात शून्य. कमजोर क्लबकडचं भारी कॉन्ट्रॅक्ट हे सगळ्यात धोक्याचं, हे मी आमच्या धंद्यातही बघितलंय, मोठ्या आकड्याची बिलं सगळ्यात शेवटी निघतात.

म्हणून क्लबच्या मागे कोण उभा आहे हे शोधा. ह्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण केएचएलमध्ये तिकीट आणि टीव्हीचा पैसा तोंडी लावण्यापुरता, खरं जेवण स्पॉन्सरचं. सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएच्या मागे गॅझप्रॉम, मॉस्कोच्या सीएसकेएच्या मागे रोसनेफ्त, काझानच्या अक बार्सच्या मागे तातनेफ्त, मॅग्निटोगोर्स्कच्या मागे तिथला पोलाद कारखाना, यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्हच्या मागे रेल्वे. बाकीच्यांपैकी बऱ्याच ठिकाणी प्रांताचं सरकार.

इथे लोक एक चूक करतात, तेलाचा भाव पडला म्हणजे तेलवाला क्लब बुडाला असं धरतात. पाटीवर गणित करा. जून २०१४ मध्ये ब्रेंट तेलाचं पिंप ११५ डॉलर, ३४ च्या रेटने ३,९१० रुबल. डिसेंबरअखेर ५७ डॉलर, ५६ च्या रेटने ३,१९२ रुबल. डॉलरमध्ये अर्ध्यावर आलं, रुबलमध्ये पाचव्या हिश्श्याच्या आसपासच घटलं. म्हणजे ज्याची कमाई डॉलरमध्ये आणि पगारपाणी रुबलमध्ये, तो एक्स्पोर्टवाला मालक ह्या पडझडीत बराच तग धरतो. मरतो तो प्रांताच्या बजेटवर जगणारा क्लब, कारण तिथे जमा रुबल, वरून आधीचं कर्ज, आणि गव्हर्नरला हॉस्पिटल आणि हॉकी यात निवड करायची वेळ आली तर हॉकी जाणार. मॉस्को प्रांतातल्या मितिश्ची गावचा अटलांट, २०११ च्या गागारिन कपच्या (म्हणजे केएचएलच्या विजेतेपदाच्या कपच्या) फायनलला गेलेला क्लब, २०१५ मध्ये पैशापायी लीगमधून गेलाच. आणि त्याच वर्षी कप कुणी उचलला, तर गॅझप्रॉमच्या एसकेएने, काझानला ४-१ ने हरवून. म्हणजे फायनलला दोन्हीकडे तेल आणि गॅसच. ह्याच एसकेएसाठी रशियन स्टार खेळाडू कोव्हाल्चुकने २०१३ मध्ये न्यू जर्सी ह्या एनएचएलच्या, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मोठ्या लीगच्या, टीमचं ७ कोटी ७० लाख डॉलर बाकी असलेलं कॉन्ट्रॅक्ट सोडलं होतं. लोक हसले होते तेव्हा.

बँक स्पॉन्सर असेल तर जरा जास्तच सावध राहा. स्पार्ताक मॉस्को, केवढं जुनं नाव, पण त्यांचा पैसा ज्या इन्व्हेस्टबँकेतून यायचा तिचं लायसन्स डिसेंबर २०१३ मध्ये रद्द झालं आणि स्पार्ताक २०१४-१५ चा सीझन खेळलाच नाही, वर्षभराने परत आला. लक्षात घ्या, हे रुबल पडायच्या आधीचं. चलन कोसळतं तेव्हा जे क्लब बुडतात त्यातले बरेच आधीच नाकापर्यंत पाण्यात असतात.

भरलेला हॉल बघून तर अजिबात भुलू नका. लेव्ह प्राग २०१४ मध्ये गागारिन कपच्या फायनलला गेला, प्रागच्या हॉलमध्ये १७,०७३ लोक, मॅग्निटोगोर्स्कशी सातव्या मॅचपर्यंत झुंज, आणि दोन-तीन महिन्यांत क्लब लीगमधून बाहेर, कारण पैसे नाहीत. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तेच. दोनेत्स्कचा दोनबास पण त्याच उन्हाळ्यात बाहेर पडला, पण ते युद्धामुळे, त्यांचा हॉलच मे २०१४ मध्ये लुटून जाळला, ते ह्या हिशोबात धरू नका.

रशियाबाहेरचे क्लब सुरक्षित असतील असं वाटतं, युरोवाले. हेलसिंकीचा जोकेरित, रीगा, ब्रातिस्लाव्हा. थांबा, पाकीट कुणाचं ते बघा. जोकेरितच्या हॉलमागे तिमचेन्को आणि रोटेनबर्ग ही रशियन धनाढ्य मंडळी होती, आणि त्यांच्यावर मार्च २०१४ मध्येच अमेरिकेचे निर्बंध लागले होते. म्हणजे चलन युरो, पण पाण्याचा नळ रशियातच. मिन्स्कची वेगळीच तऱ्हा, बेलारूसने २० डिसेंबरला परकीय चलन विकत घ्यायवर ३० टक्क्यांचा अधिभार लावला. तिथे तुमचा पगार तुमच्याच खात्यात असून त्याचे डॉलर करायला गेलात की तीस टक्के भुर्दंड. अस्ताना म्हणाल तर कझाकस्तानने फेब्रुवारी २०१४ मध्येच आपल्या टेंगे ह्या चलनाचं अवमूल्यन केलं होतं, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो मोकळाच सोडला. शेजाऱ्याचं घर जळतं तेव्हा आपली पत्र्याची शेड पण तापते.

पगार थकला तर काय? तोंडी आश्वासनावर दिवस काढू नका. तिकडच्या कायद्यात पगार महिन्यातून निदान दोनदा व्हायला हवा, आणि १५ दिवसांच्या वर थकला तर लेखी कळवून काम थांबवता येतं, थकलेल्या दिवसांचं व्याजही मागता येतं. बहुतेक जण मागत नाहीत, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या क्लबात जायचंय आणि "भांडकुदळ" असं नाव नको असतं. तरी पत्र द्या, तारीख टाका, पोच घ्या. आणि मधेच सोडून अमेरिकेत एनएचएलला पळतो म्हणाल तर आधी तिकडचा नियम वाचा, त्यांचा सीझन सुरू झाल्यावर युरोपात खेळलेला माणूस वेव्हर्समधून जातो, म्हणजे वाटेत दुसरीच टीम उचलून नेऊ शकते. तुम्ही निघालात डेट्रॉइटला आणि पोचलात भलतीकडेच.

आता हातात आलेल्या रुबलचं काय करायचं. १५ डिसेंबरच्या रात्री सेंट्रल बँकेने व्याजदर १०.५ वरून एकदम १७ टक्के केला, तरी दुसऱ्या दिवशी, त्या काळ्या मंगळवारी, डॉलर ८० च्या वर जाऊन आला. लोक टीव्ही, फ्रिज, जे मिळेल ते घ्यायला धावले, अ‍ॅपलने तिथली ऑनलाइन विक्रीच बंद ठेवली. त्या दिवशी टीममधले सगळे जण एकमेकांना "बदलून घे, बदलून घे" म्हणत असणार, आणि नेमकं तेच करायचं नसतं. बँकेत ठेवताय तर एका बँकेत विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेवू नका, ती आधी ७ लाख रुबल होती, डिसेंबरअखेर १४ लाख केली. २० टक्क्यांच्या वर व्याज देतो म्हणणाऱ्या बँका निघाल्या होत्या, तिथे तर मर्यादेच्या आतच राहा, कारण त्याच डिसेंबरात ट्रस्ट नावाची मोठी बँक सरकारला वाचवावी लागली.

जाता जाता कॅनडाचं पण बघून ठेवा, म्हणजे उलटी बाजू कळेल. तिथल्या एनएचएल टीमनी तिकिटं विकायची कॅनेडियन डॉलरमध्ये आणि पगार द्यायचे अमेरिकन डॉलरमध्ये. त्यांचा डॉलर नव्वदच्या दशकात घसरत गेला, क्यूबेकची टीम १९९५ मध्ये अमेरिकेत डेन्व्हरला गेली (आणि लगेच १९९६ ला स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचा कप, जिंकली, क्यूबेकवाल्यांच्या जखमेवर मीठ), विनिपेगची १९९६ मध्ये फिनिक्सला. जानेवारी २००० मध्ये सरकारने टीमना मदत जाहीर केली आणि लोकांनी एवढी बोंब मारली की तीन दिवसांत मागे घेतली. ओटावाच्या टीमने जानेवारी २००३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. इथे खेळाडू सुखी होते, पगार पक्क्या चलनात, पण टीमच गावातून गेली. विनिपेगला टीम परत मिळाली ती २०११ मध्ये, कॅनेडियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला आला होता तेव्हा.

तर रुबल बदलायचे कधी? महिन्याच्या महिन्याला, ठरलेल्या तारखेला, घरी पाठवायला लागतात तेवढेच. ज्याने १६ डिसेंबरला घाबरून ८० ने डॉलर घेतले त्याने चारच महिन्यांत, एप्रिल २०१५ मध्ये, डॉलर ५० च्या आसपास बघितला आणि कपाळाला हात लावला. ज्याने "बघा, मी थांबलो" म्हणत सगळे रुबल तसेच ठेवले त्याने जानेवारी २०१६ मध्ये परत ८० च्या वरचा डॉलर बघितला.