आधी थांबे ठरवा, मग वाट

निसर्ग केंद्रातल्या पायवाटेवर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो अंतराचा. मी तो आकडा सगळ्यांत शेवटी बघते. माझ्यासोबत बहुधा आई असते, तिला गुडघे जपून चालावं लागतं. शिवाय सहा वर्षांची भाची असते, तिला मुंग्यांची रांग कुठून निघाली आणि कुठे गेली हे पुरतं बघितल्याशिवाय पुढे सरकायचं नसतं. म्हणून नकाशा हातात आला की मी आधी बसायच्या जागा शोधते: बाक, तळ्याकाठचा कट्टा, पक्षी बघायला बांधलेला आडोसा. दोन जागांमधलं चालणं दहा-पंधरा मिनिटांत होत असेल तर ती वाट आमची.

मग वेळेचा हिशेब. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला एक नियम अजूनही वापरात आहे. आजच्या मापात सांगायचं तर सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटर उंचीला एक तास जादा, म्हणजे १० मीटरला एक मिनिट. अडीच किलोमीटरची वाट आणि ६० मीटर चढ असेल तर या हिशेबाने ३६ मिनिटं होतात. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा. लहान मूल आणि वयस्कर माणूस सोबत असेल तर मी तासाला २ किलोमीटरच धरते. त्याच वाटेला सव्वा तास, चढाची ६ मिनिटं आणि निवांत बसायची २० मिनिटं, असे जवळपास पावणेदोन तास होतात. केंद्राचं फाटक बंद व्हायच्या वेळेतून तेवढे आणि वर आणखी अर्धा तास वजा करा. त्याच्या आत निघायला हवं. साप्ताहिक सुट्टी आणि फाटकाची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. त्याच फोनवर स्वच्छतागृह फक्त सुरुवातीलाच आहे का, हेही विचारून घ्या.

शक्य असेल तर गोल फिरून सुरुवातीच्या जागी येणारी वाट निवडा, पण ती कोणत्या दिशेने फिरायची हे मात्र नीट ठरवा. बाणांच्या खुणांनी दिशा ठरवून दिलेली असेल तर ती पाळायची. नसेल तर निवड आपल्या हातात असते. दुखऱ्या गुडघ्यांना चढापेक्षा उतार जास्त जाचतो, कारण उतरताना दर पावलाला मांडीचे स्नायू ताणलेले राहून शरीराचं वजन आवरत असतात. म्हणून तीव्र बाजूने चढायचं आणि सौम्य बाजूने उतरायचं. नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असतील तर हे लगेच कळतं: रेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र, विरळ झाल्या की सौम्य. दोन रेषांमध्ये किती मीटरचा फरक आहे ते नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं. दुसरा विचार उन्हाचा. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावरून पश्चिमेकडे बघितलं तर ऊन आपल्या पाठीशी असतं आणि पाण्यावरच्या पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. समोरच्या काठावरून तेच पक्षी नुसते काळे आकार वाटतात.

पक्षी बघायचे असतील तर सूर्योदयानंतरचे पहिले दोन-तीन तास उत्तम. फुलपाखरं आणि चतुर यांना मात्र उडण्याआधी उन्हात अंग तापवावं लागतं, त्यामुळे त्यांच्यासाठी उशिरा गेलेलंच बरं. लहान मुलं असतील तर मी फुलपाखरांची वेळ निवडते. ती जवळून दिसतात आणि दुर्बीण लागत नाही.

दुर्बीण घेणारच असाल तर तिच्यावरचे आकडे वाचा. ८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट मोठी दिसणार आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. मुलांच्या हाती ६×३० चांगली. वजनाला हलकी आणि हात हलला तरी चित्र कमी डळमळतं.

वाटेचा पृष्ठभाग कसा आहे हे केंद्रातल्या माणसालाच विचारावं. फळ्यांची वाट सोपी वाटते, पण सावलीत शेवाळ धरलं की ओली फळी फार निसरडी होते. सुट्या खडीत बाबागाडीची चाकं रुततात. चाकाची खुर्ची असेल तर ‘वाट सोपी आहे का’ असं विचारू नका, उतार किती आहे ते विचारा. २० मीटर अंतराला १ मीटर चढ इतपत ठीक असतं. त्याहून तीव्र असेल तर ढकलणाराही दमतो.

पिशवीत पाणी माणशी तासाला अर्धा लिटर, उन्हात थोडं जास्त, शिवाय कोरड्या मोज्यांचा एक जोड. मोजा ओला झाला की टाचेला फोड यायला वेळ लागत नाही. बुटांचे तळवे घरून निघतानाच ब्रशने घासा, कारण मातीत अडकलेल्या बिया परक्या जागी जाऊन रुजतात. सुरुवातीच्या फलकावरच्या नकाशाचा फोटो काढून ठेवा, रेंज गेली तरी तो उघडतो.

बसल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसणार नाही, तेव्हा उठायची घाई करू नका. आपण आल्याने गप्प झालेले पक्षी दहाएक मिनिटांत परत बोलू लागतात. भाचीला मी एवढंच काम देते: डोळे मिटायचे आणि ऐकू आलेल्या प्रत्येक वेगळ्या आवाजाला एक बोट उघडायचं. आई तिच्याबरोबर मोजते.

परत फिरायची वेळ निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेवा. ती झाली की कुठेही असलात तरी वळायचं, आणि केंद्रात नोंदवही असेल तर त्यात परतल्याची वेळ लिहूनच बाहेर पडायचं, म्हणजे आत कोणी राहिलं समजून तिथली माणसं शोधत बसणार नाहीत.