ध्यानाची बैठक सुटते तेव्हा

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात पहाटे चारला घंटा होते. दिवसभरात दहा-एक तास बसणं होतं, मौन असतं, फोन जमा केलेला असतो. तिथे वेळापत्रकच आपल्याला सांभाळून नेतं. घरी परतल्यावर सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसायला सांगितलेलं असतं आणि नोकरी-घर सांभाळणाऱ्या नव्या साधकाची खरी परीक्षा तिथून सुरू होते. माझंही बसणं याच टप्प्यावर सुटलं होतं. ते पुन्हा सुरू करताना जे कळलं, ते नव्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

बैठक एका दिवसात सुटत नाही. आधी संध्याकाळची जाते, कारण तेव्हा अंगात त्राण नसतं. मग कधीतरी सकाळी वाटतं, आज वीसच मिनिटं आहेत, एवढ्यात काय होणार? मला विचाराल तर आळसापेक्षा ही पूर्ण तासाची अट जास्त घातक आहे. वीस मिनिटं असतील तर वीस मिनिटं बसा.

पतंजलींनी योगसूत्रांत (१.३०) साधनेतले नऊ अडथळे मोजले आहेत. आजारपण, संशय, आळस हे त्यात आहेतच; पण लाभलेली स्थिती न टिकणं हाही त्यातलाच एक. हे वाचून मला फार धीर आला. घसरण होते हे जुन्या साधकांनाही ठाऊक होतं.

खंडानंतर पुन्हा बसायला लागल्यावर पहिल्या बैठका जड जातात. गुडघे बोलतात, डुलकी लागते, मन कामाच्या यादीतून हलत नाही. अशा वेळी शिबिरातल्या शेवटच्या दिवसांशी तुलना करू नका. नव्याने बसणारे बहुतेक याच तुलनेमुळे दुसऱ्यांदा सोडतात. मन भटकलं हे लक्षात येऊन श्वासावर परतलात, की त्या क्षणापुरती साधना झालीच. डुलकी रोजचीच असेल तर मात्र आधी झोप पुरी करा.

वेळ घड्याळाशी बांधण्यापेक्षा रोज होणाऱ्या एखाद्या कामाशी बांधलेली टिकते. माझी दात घासल्यावर, फोन हातात घेण्याआधी ठरलेली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या सवयींवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण माणसागणिक फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून चुकलेल्या दिवसांची थकबाकी रविवारी तीन तास बसून फेडायला जाऊ नका. सोमवारी नेहमीच्या वेळी बसा.

बसल्यावर घबराट वाढत असेल, जुन्या आठवणी झेपत नसतील, तर रेटू नका. आचार्यांशी बोला, गरज वाटली तर डॉक्टरांशीही.

आणि एकट्याने जमतच नसेल, तर सामूहिक साधनेला जा. दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठी एक दिवसाची शिबिरंही होतात. आधी घरी नियमित होऊ आणि मग जाऊ, असं म्हणत थांबू नका.